डॉल्फिनची बाजू

बोटीच्या रांगेत उभ्या असलेल्या शिंप्याचे कान पुढच्या नवराबायकोच्या बोलण्याकडे लागले होते.

"एकवीस वर्षं याच खिडकीत बसून तिकिटं दिलीस आणि बोटीत आज पहिल्यांदा?"

"रिटायर होईपर्यंत सवड कुठली? मला खिडकीतून दिसायच्या त्या फक्त टोप्या."

"मग सगळ्यांना छातीठोकपणे कशी सांगायचीस, डाव्या बाजूला बसा, डॉल्फिन तिकडेच दिसतात म्हणून?"

"अहो, जो तो विचारायचा, कुठे बसू? सांगितल्याशिवाय खिडकी सोडायचे नाहीत. मग एक दिवस दिलं ठोकून, डावीकडे."

"म्हणजे चक्क थाप!"

"थाप कसली? एकही माणूस परत भांडायला आला नाही. उलट एक आजी माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, पोरी, जन्माचं सार्थक झालं."

"त्यांना दिसले?"

"त्यांच्या शेजारणीला दिसले."

"आणि येताना बोट उलटी फिरते, तेव्हा डावी बाजू कुठे जाते?"

"तुम्ही ना, नसती खुसपटं काढू नका. चला, आला आपला नंबर."

खिडकीतली नवी मुलगी मान वर न करताच म्हणाली, "दोन का? डाव्या बाजूला बसा हं, डॉल्फिन तिकडेच दिसतात."

"अगं, तुला कोणी सांगितलं?"

मुलीने वर पाहिलं. "अय्या, मॅडम! तुम्हीच नाही का शिकवलंत?"

"ऐकलंत? पळा आता, डावीकडची जागा जाईल!"

दोघं खरोखरच पळत सुटले. शिंपी खिडकीशी वाकला.

"एक द्या. आणि जरा लवकर, डावीकडे गर्दी होतेय."