बाजेखालची शेगडी

माझं माहेर अकोले तालुक्याच्या वरल्या अंगाला, डोंगरात, भाताचा मुलूख त्यो, पावसाळ्यात चार चार दिस शेजारचं घर दिसायचं न्हाई. तिथं घरात किडामुंगी लई, पिसवा, गोम, इंचू, पन माझ्या बापाला समदं ठावं, कंची गोम चावती आन कंची नुस्ती पळती, भाताच्या कनगीत किडा झाला तर कंचा पाला घालायचा, आमी इचारायचं आन त्यानं सांगायचं, आन त्यो सांगंल ते खरं. आता तुमी म्हनाल ही बाई किड्यापासनं का सुरू झाली. तर ताई, तुमीच म्हनला ना जे झालं ते सांगा, माझ्या जल्मात जे झालं ते किड्यापायीच झालं, मंग दुसरीकडनं कुठनं सुरू करू.

लगीन होऊन हिकडं आले, कोल्हारापासनं दोन कोसावर आमची वस्ती, पाटाचं पानी, ऊस, घरचं खाऊनपिऊन बरं. ढेकून मी हिकडं आल्यावर पयल्यांदा बघितला. पयल्या आठवड्यात अंगावर गांधी उठल्या तर सासूला दावल्या, सासू हासली, म्हनली तुमच्या डोंगरात न्हाईत व्हय ढेकनं, मंग आता घे, आमच्याकडं रग्गड हायेत. तशी ती मायाळू हुती, पन चेष्टा केल्याबिगर तिला भाकर पचायची न्हाई. सासू गेली, ढेकनं ऱ्हायली. लेकरं मला चार झाली, जगली येक, ती ही कुसुम. तिला श्रीरामपूरच्या पल्याड दिली, मान्सं चांगली, पन तिची सासू बोलायला कडक.

दुष्काळ पडायच्या आदल्या उन्हाळ्यात कुसुम पयल्या बाळंतपनाला आली. आन त्या साली ढेकनं अशी झाली, काय सांगू तुमाला, भितीच्या भेगात, बाजेच्या खुरात, सुंभाच्या पिळापिळात, हात लावंल तिथं ढेकून. बाज उन्हात टाकली, उकळतं पानी वतलं, मिळंल तेवढं रॉकेल वतलं, चार दिस बरं वाटायचं आन पुन्यांदा तेच. नववा लागल्यावर कुसुमची सासू तिला बघायला आली, तिनं पोरीची मान बघितली, गांधीच गांधी, आन चा पिता पिता म्हनली, आमच्या गोठ्यात गाईला बी कोन असं चावत न्हाई, हितं बारकं लेकरू आलं की त्याला तर पोखरून काढतील. मी खाली मान घालून बसले. माझ्या घरात माझ्या लेकीची मान अशी.

तवापासनं मी येडी झाले म्हना. दिसंल त्याला इचारायची, ढेकनाला काय करू. शेजारीन म्हनली निरगुडीचा पाला अंथरा, अंथरला, ढेकनं त्याच्यावरच निजली. हिवतापाची फवारनी करायला मान्सं यायची, भितीवर तारीख लिवून जायची, त्यातल्या येकाला गाठला, तर त्यो म्हनला, बाई, हे डासाचं हाय, ढेकनाचं मला ठावं न्हाई, उगं कायतरी सांगायचो न्हाई. खरा मानूस त्यो. ग्रामसेवकाला इचारलं तर त्यो हासाय लागला, म्हनला, मावशी, उसाच्या किडीचं इचारा, बाजेच्या किडीचं आमाला शिकवलेलं न्हाई. चावडीवर रेडिओ लागायचा, त्याच्यात शेतकऱ्याच्या चिठ्ठ्यांना उत्तरं द्यायचे, मी बाया घेऊन दाराशी बसून ऐकायची, खोडकिडा झाला, कपाशीची बोंडअळी झाली, ढेकनाचं कोन बोलंना. मंग शाळंच्या मास्तरांना म्हनले, गुर्जी, मला रेडिओला कार्ड लिवून द्या. ते बी हासले पन त्यांनी लिवलं, घरात बाळंतीन निजनार हाय, बाजेला ढेकून लई झालेत, काय उपाव करावा ते कळवावं. कार्ड टाकलं आन मी वाट बघत बसले. कुसुमचं पोट तर खाली सरकत चाल्लेलं.

शेवटी कोल्हारच्या बाजारात खता-औषदाच्या दुकानात गेले. त्यानं उसाच्या हुमनीची पावडर दिली, हुमनी म्हंजी उसाची मुळं खाती ती अळी, मोठ्या पोत्यातनं काढून कागदात बांधून दिली. मी काय अडानी असले तरी येडी न्हाई ताई, मी त्याला इचारलं, घरात बाळंतीन ऱ्हानार हाय, चालंल ना. त्यो म्हनला, भाकरीला लावू नका, डोळ्यात जाऊ देऊ नका, लावल्यावर हात धुवा, बस. तेवढं मी केलं. बाजेच्या सुंभात पिळ उकलून उकलून भरली, खुरात ठासली, भितीच्या भेगात घातली, हात शिकेकाईनं तीनदा धुतले. दुसऱ्या दिशी बाजेखाली ढेकनाचा सडा. मी सूप भरून मेलेली ढेकनं वस्तीवर दावत हिंडले, कुनाला काय पायजे असंल तर माझ्याकडं या म्हनले. लई तोरा चढला हुता मला.

चौथ्या दिशी कुसुम मोकळी झाली. पोरगी झाली. गोरी, डोस्कं भरून जावळ, आन रडायची अशी खनखनीत की गोठ्यातली म्हस बघायची. आमच्यात बाळंतिनीला शेक लागतो, तुमाला ठावंच असंल, बाजेखाली गवरीच्या इस्तवाची शेगडी ठिवायची, त्याच्यावर ववा, बाळंतशेपा टाकायच्या, खिडकीत बोचकं कोंबायचं, दाराला घोंगडं लावायचं, वारं लागू द्यायचं न्हाई. माझ्या आईनं मला दिला, सासूनं दिला, मी माझ्या लेकीला दिला. सकाळ-संध्याकाळ शेगडी सारायची आन बाज गरम झाली का हात लावून बघायचं. सुंभ चांगलं तापायचं. मला बरं वाटायचं, की पोरीची कंबर शेकती.

पाचवी पुजली. सहाव्या दिशी सकाळी लेकरू दूध धरंना. मंग हात-पाय झटकाय लागलं, डोळं वर. सुईन जवळच बसलेली, ती म्हनली, सटवीचा फेरा हाय, धूर कमी पडला, इस्तू वाढवा. मी वाढवला. माझ्या ह्या हातानं, ताई, दोन घमेली इस्तू आनून बाजेखाली लोटला, आन पदरानं वारा घातला. मंग कुसुमचीच दातखीळ बसली, अंग ताठ. सुईन घोंगडं घट्ट करती, मी वारा घालती, आन देवाची नावं घेती, आन जितकी मी वारा घालती तितकी कुसुम जास्ती झटके देती.

मंग माझंच डोस्कं गरगराय लागलं, वकारी आली म्हनून भायेर पळाले. भायेर ऊन पडलेलं, वारं सुटलेलं, घटकाभरात मी बरी झाले. पुन्यांदा आत गेले, पुन्यांदा गरगरलं. तवा माझ्या मनात आलं, सटवी बाळंतिनीला धरती, लेकराला धरती, माझ्यासारख्या म्हातारीला धरून तिला काय मिळायचं. आन सुंभावर नजर गेली, आन मी वरडले. सुईन आडवी आली, वारं लागंल म्हनली, मी तिला ढकलून दिली. दोघींना वढत वढत अंगनात आनलं, उन्हात, भर वाऱ्यात, सहा दिसाची बाळंतीन.

आमचे मालक, कुसुमचे वडील, उसाचा टेम्पो थांबवून घेऊन आले, त्यातनं श्रीरामपूरला दवाखान्यात नेलं. बाई डाक्टर हुत्या, त्यांनी दोघींची कापडं काढाया लावली, साबनानं धुतलं, इंजेक्शनं दिली, आन मला इचारलं, घरात काय हुतं. मी म्हनले पावडर. कंची. आता कंची म्हनून काय सांगू, कागदात बांधलेली पावडर, तिला नाव कुठाय. त्या म्हनल्या, नाव कळलं पायजे, समद्या पावडरीला येकच औषद चालत न्हाई. मालक तसंच येष्टीनं कोल्हारला गेले, दुकानदारानं हात झटकले, म्हनला मी दिलीच न्हाई, मी बायामान्सांना पावडर देत न्हाई. त्याला पोलिसाचं भ्या वाटलं असंल. मालकांनी त्याचे पाय धरले, अहो नुस्तं नाव सांगा, आमी तुमचं नाव कुठं सांगत न्हाई, त्यानं दुकान लावून घेतलं. मंग मालक वस्तीवर आले, कोयत्यानं बाजेचं सुंभ तोडलं आन धोतराच्या सोग्यात बांधून दवाखान्यात घेऊन आले. बाईंनी लांबनंच वास घेतला आन त्यांना कळलं. तवर दिस कलला हुता.

कुसुम वाचली. पोरगी दोन दिस ऱ्हायली आन गेली. बारसं बाराव्याला असतं, तिचं नाव ठिवायचं ऱ्हायलं, म्हनून तिला हाक मारायची तर मला काय म्हनून मारू ते बी कळत न्हाई.

बाई मला रागावल्या न्हाईत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं, ही पावडर तापली की तिचा वाफारा हुतो, कोंडलेल्या घरात त्यो वाफारा अंगात जातो, थोरापरीस लेकराच्या लौकर. मी म्हनले, बाई, मी इतक्यांना इचारलं, कुनी मला इस्तवाचं सांगितलं न्हाई. त्या म्हनल्या, तुमी इस्तवाचं सांगितलं हुतं का कुनाला. तवा माझ्या ध्यानात आलं, मी म्हनले बाळंतीन निजनार हाय, येवढंच. बाजेखाली शेगडी असती हे मी सांगितलंच न्हाई, ते काय सांगायचं असतं व्हय, समद्यांच्याच बाजेखाली असती. आन दुकानदार बाप्या मानूस, बाळंतिनीच्या खोलीत त्यो कवा गेलाय. सुईनीला शेगडी ठावी, पावडर न्हाई. त्याला पावडर ठावी, शेगडी न्हाई. आन दोन्हीच्या मधी मी, मला दोन्ही ठावं, आन काईच ठावं न्हाई.

पोरीला पुरून आल्यावर आठ दिसांनी कार्ड आलं. रेडिओवाल्यांचं. मास्तर स्वता घेऊन आले, वाचू का म्हनले, मी म्हनले वाचा. लिवलं हुतं, बाज उन्हात टाका, सांध्यात उकळतं पानी वता, सुंभ बदला, भेगा शेन-मातीनं बुजवा, आन शेतातली पावडर मानसाच्या अंथरुनाला लावू नका, घरात लहान मूल असंल तर मुळीच नको. खाली, आपला प्रश्न चांगला हाय, असं लिवलेलं. मास्तर रडले. मी न्हाई रडले, मी म्हनले गुर्जी, पुन्यांदा वाचा. तीनदा वाचून घेतलं. मला ते तोंडपाठ झालं, आता म्हना म्हनलं तर म्हनून दावते.

तवापासनं जिथं बाळंतीन असंल तिथं मी जाते. बोलावलं न बोलावलं जाते, आधी वाकून बाजेचं सुंभ हुंगते. कुनी हासतं, कुनी म्हनतं हिचं डोस्कं फिरलंय. नुस्तं सांगितलं तर बाया ऐकत न्हाईत, म्हनून मंग मला माझं समदं सांगावं लागतं, मी भरली, मी शेगडी लोटली, मी वारा घातला. ते ऐकलं की ऐकतात. दर घराला मला ती पोरगी पुन्यांदा पुरावी लागती. ज्यांना मी सूप दावून आले हुते त्यांच्या दारात तर आधी गेले.

दोन वर्सं झाली. मधी दुष्काळानं समदं वाळवलं, मालक खडी फोडाया जातात, मी घर बघते. आन गेल्या सोमवारी कुसुम आली, पेटी घेऊन, सातवा लागलाय. मी बोलावलं नव्हतं. मला त्वांड नव्हतं. मी तिला दारातच म्हनले, बाई, तू सासरी ऱ्हा, दवाखान्यात ऱ्हा, हितं नको, मला माझाच भरवसा न्हाई. ती म्हनली, बाळंत दवाखान्यातच व्हायचंय, तवर मी तुझ्याकडं ऱ्हानार, आन पेटी आत ठिवली.

काल दुपारी दोघी तूर निवडत बसलो हुतो. दोन वर्सात मी तिला इचारलं नव्हतं, काल इचारलं, कुसुम, तुझा माझ्यावर राग हाय का गं. तिनं सुपातला येक खडा येचून टाकला. मंग म्हनली, आई, शेक सुरू केला त्याच्या दुसऱ्याच दिशी माझं डोस्कं फुटाय लागलं हुतं, मळमळत हुतं, मला वाटत हुतं उठून भायेर पळावं. मी म्हनले, मंग बोलली का न्हाईस गं बाई. तर म्हनली, तू करत हुतीस ना, मला वाटलं तुला ठावं असंल.

बघा ताई. माझा बाप सांगंल ते मी खरं धरलं, तसंच तिनं मला धरलं. मी तिच्या तोंडावरनं हात फिरवला आन देवाला येवढंच मागितलं, हिचं लेकरू जगू दे, आन मी चुकले तर हिला माझ्यावर वरडायची बुद्दी दे.