आकाराम ड्रायव्हरांना सरकारी मोटारीवर पाठवताना

सन्माननीय अध्यक्ष सयाजीराव पाटील, तालुक्याहून आलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आकाराम ड्रायव्हर, समोर बसलेले मोटारधंद्यातले मालक, क्लीनर आणि प्रवासी बंधू, आणि पलीकडे बसलेल्या माता-भगिनींनो,

मी फारसं बोलणारा माणूस नाही. कचेरीत कारकून आहे, तिथं गप्प बसणाऱ्याचंच बरं चालतं. पण आकाराम ज्यांच्या मोटारीवर होते, त्या लालासाहेबांचा धाकटा भाऊ म्हणून मला उभं केलं आहे. दादाला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. आमच्या घरी गोडधोड होत नाही, म्हणून आजचे पेढे अध्यक्षांच्या घरचे आहेत. ते आनंदानं खा. उतरलेल्या तोंडाची माणसं दादाला मोटारीतसुद्धा आवडत नसत.

आता एक अडचण आधीच सांगतो. आकाराम यांना सरकारी मोटारीवर नेमल्याचा हुकूम आला. तो ऐकून आपण मंडळींनी हार आणला, नारळ आणला, मांडव घातला. त्यांना विचारायचं मात्र राहिलं. काल संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन म्हणाले, "मालकाचं वर्स झाल्याबिगर मी दुसऱ्याच्या मोटारीला हात लावायचा न्हाई." आणि हजर व्हायची मुदत उद्या संपते. उद्या गेले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल. म्हणजे जो माणूस जातच नाही, त्याला आपण निरोप देतो आहोत. पाटील मला म्हणाले, "आवं, मग तुमीच काय ते बोला. हार सुकाय लागला." म्हणून मी बोलतो आहे.

दादाला मोटारींचं किती वेड होतं, हे विट्यात कुणाला सांगायला हवं का? पहिल्या लढाईत तो पलटणीबरोबर बसऱ्याला गेला, तिथं लॉरी शिकला, आणि परत आला तो मोटारींवर मतं घेऊनच. फोर्ड म्हणजे खिलारी बैल, असं तो म्हणे. काम करील, लाड मागणार नाही. आकाराम शेवरलेटच्या बाजूचे. "चढाला लावून बगा मालक, घोडी हाय घोडी," असं ते म्हणायचे. दोघांचा वाद चहाच्या दुकानात सुरू व्हायचा आणि प्रवासी मोटारीत बसून घाम पुसत असायचे. एका लग्नात नवरदेव नव्या मोटारीतून आला. सगळे नवरदेवाकडं बघताहेत, आणि दादानं मोटारीच्या इंजिनावरचं टोपण उघडून आत डोकं घातलेलं. वरात तिथंच थांबली. शेवटी नवरदेव खाली उतरून विचारतो, "लालासाहेब, काय बिघडलंय?" दादा म्हणाला, "बिघडलं न्हाई गड्या, लय झाक हाय. तू बस जा."

पण त्याची काही मतं हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मोटारी आपल्या देशात झाल्या पाहिजेत, असं तो दुसऱ्या लढाईच्या दिवसांत म्हणू लागला. तेव्हा पेट्रोल मिळेना. मागं कोळशाच्या गॅसची टाकी लावून मोटार चालायची, आणि सुटा भाग बोटीनं येईपर्यंत ती झाडाखाली उभी. आधी रस्ता करा, मग मोटार घ्या, हेही त्याचंच. आणि सर्वांत मोठं मत हे, की प्रवासी मोटारी सरकारनं चालवाव्यात. समोरच्या मालक मंडळींना हे आठवत असेल. तुम्ही त्याला म्हणायचा, "लालासाहेब, तुम्ही मोटारमालक की सरकारचे वकील?" त्याचं उत्तर ठरलेलं. "सांगलीच्या रस्त्याला तुमी सगळे एका उतारूसाठी भांडताय. म्हसवडच्या माळाला मी एकटा. माझी मोटार बसली, तर त्या मानसांनी काय करायचं?"

तसंच झालं. दादा गेला, मोटार बसली. आता सोमवारपासून सरकारी मोटार त्याच रस्त्यानं म्हसवडला जाणार आहे, आणि तिच्यावर आकाराम यांची नेमणूक आहे. दादानं आयुष्यभर जे मागितलं तेच आलं आहे. मग आकाराम, ही मोटार दुसऱ्याची कशी?

तुम्ही मान हलवता आहात. माझं म्हणणं पटलेलं दिसत नाही. मग वहिनींचं सांगतो. मनुवहिनींचं माहेर म्हसवड. पण मालकाची बायको मोटारीत बसली की एका उतारूची जागा जाते, अशी दादाची समजूत. त्यामुळं वहिनी सारा संसारभर माहेरी बैलगाडीनं गेल्या. वाटेत आमचीच मोटार त्यांना मागं टाकायची. आकाराम हॉर्न द्यायचे, दादा आतून हात करायचा, आणि वहिनी पदरानं धूळ झटकायच्या. हसा, हसा, त्याही हसताहेत. आज सकाळी त्या मला म्हणाल्या, "भावजी, मला तिकीट काढून म्हायारला जायचंय. सरकारी मोटारीत मला कोण ऊठ म्हनायचं न्हाई. पन चालवनारा आपला मानूस पायजे."

काय म्हणालात, आकाराम? मोठ्यानं बोला. मागच्यांसाठी मी सांगतो. ते विचारताहेत, "आन् मालकाचं वर्स?"

थांबा, वहिनी बोलताहेत.

ऐकलंत ना सगळ्यांनी? त्या म्हणाल्या, "वर्साला माझी म्हसवडची मानसं कशी यायची, आकारामदादा? तुमीच घेऊन या."

आता आकाराम उभे राहिले आहेत. पाटीलसाहेब, हार घ्या हातात.

मंडळी, या कामासाठी जागा देणाऱ्यांचे, मांडव घालणाऱ्यांचे आणि इतका वेळ बसून राहिलेल्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. मला सभेत बोलायची सवय नाही. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर तो माझा अडाणीपणा समजून पोटात घाला. आकाराम वहिनींना म्हणताहेत, "सोमवारी पुढली जागा राखून ठिवतो, वैनीसाब."

आणि वहिनी म्हणताहेत, "राखू नगा. मीच आदी येऊन बसंन."