किसनदादाचा ओवा

ओव्याला नावं ठेवू नका बरं! आमच्या किसनदादानं ठेवली होती, त्याचं काय झालं ते ऐका.

किसनदादा माझा थोरला भाऊ, डोंगरकड्याचा पैलवान. गोष्ट निजामाच्या राजवटीतली. दादा रोज सकाळी परातभर भिजवलेले हरभरे खायचा. वहिनी ओवा कुटून घालायला निघाली की अंगावर यायचा.

"आवं, कोरे हरभरे पोटाला जड पडतात. ओव्यानं पचतात, अंगी लागतात," ती म्हणायची.

"ओवा बाळंतिणी खातात. मी काय बाळंतीण हाय?"

जत्रेच्या दिवशी तर ताकद पायजे म्हणून गड्यानं दुप्पट हरभरे हाणले, तेही कोरेच. आखाड्यात हिंगोलीचा उस्मान पैलवान समोर. सलामी झाली, हाताला हात भिडला अन् दादाच्या पोटात अशी कळ उठली की तो पोट धरून मातीतच बसला. उस्माननं मनात आणलं असतं तर तिथंच चीत केलं असतं. पण त्यानं कडेला ठेवलेल्या सदऱ्यातून पुरचुंडी काढली.

"कोरे चने खाल्ले व्हय, भाई? धर. मी तर ओव्याबिगर चन्याला हात लावत न्हाई."

साऱ्या जत्रेदेखत दादानं ओवा चावला. पंचांनी कुस्ती बराबरीत सोडवली.

आमी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. वहिनीनं दादाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, डोक्यावरचा पदर सारखा केला अन् मलाच विचारलं, "वन्सं, बाळंतीण सुखरूप हाय ना?"