घानातला विजय आणि हार्बरफ्रंटचा राजीनामा

"हॅलो? शुभदा? ऐक, आज पश्चिम आफ्रिकेत लोकशाहीच्या इतिहासाचं एक पान उलटलंय… हो, हीटर बंद केला… अगं, केला म्हणजे केला."

तरी प्रबोध उठला, बाथरूमबाहेरचं बटण बंद करून आला आणि इतिहास पुढे चालू केला.

घानात क्वाबेनाचा प्रगतिशील पक्ष जिंकला, ही ती बातमी. क्वाबेना म्हणजे इथे परदेशात, हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसात वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसलेला, डब्यातल्या थालीपिठाचा निम्मा वाटेकरी. यंदा नोकरी सोडून तो मायदेशी गेला आणि खासदारकीला उभा राहिला. प्रबोधची बायको शुभदा आईच्या मोतीबिंदूसाठी पुण्यात होती. नोटाबंदीचा डिसेंबर असल्याने या क्षणी ती बँक उघडायच्या कितीतरी आधीच रांगेत उभी होती. जागा सोडून जाऊ न शकणारा इतका चांगला श्रोता प्रबोधला एरवी मिळाला नसता.

"कोण म्हणजे? आपल्याकडे गणपतीला आला होता तो… हो, हो, मोदक लोणच्याशी खाणारा… अगं ऐक ना, योजना सगळी माझी."

योजना अस्सल पुणेरी होती. कॉलेजात असताना प्रबोधने महापालिकेच्या निवडणुकीत एका उमेदवाराचं टेबल सांभाळलं होतं. मतदान केंद्रापासून जरा लांब मांडव, पुढ्यात मतदारयादी, घरोघरी पोचवलेल्या नाव-क्रमांकाच्या चिठ्ठ्या आणि आजी-आजोबांना आणायला रिक्षा. तो उमेदवार पडला, पण टेबलाची शिस्त विरोधकांनीही वाखाणली. तीच शिस्त त्याने क्लेमेंटीच्या आपल्या फ्लॅटमधून व्हॉट्सॲपवर घानाला शिकवली.

"निकाल? आला की. सहीशिक्क्याचा कागद आहे, फोटो पाठवलाय त्याने. खाली 'वी वन, ब्रदर'… दोनशे बारा… टक्के कसे असतील? मतं. दुसऱ्याला एकशे चाळीस… अगं, छोटा देश आहे तो."

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याने फोटो टाकलाच होता. टेबलाच्या कल्पनेला इतके दिवस हसणाऱ्या निशिकांतने मुकाट्याने अंगठा पाठवला होता. शनिवारी ईस्ट कोस्टला पार्टी ठरली होती आणि पेढ्यांची ऑर्डर लिटल इंडियात गेली होती. हे सगळं सांगून झाल्यावर प्रबोधने घसा साफ केला.

"बसली आहेस का कुठे?… बरं, उभीच राहा, नंबर जाईल. मी राजीनामा दिलाय… आत्ताच. साहेबांना मेल केला."

पुढचा काही वेळ त्याने फोन कानापासून वीतभर लांब धरला. तिथूनही सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवानाच जाणार, त्याच्यावर अवलंबून असलेला तिचा पासही जाणार, आणि मग या फ्लॅटमध्ये राहायचं कोणत्या नात्याने, असे मुद्दे होते. ते त्याला मान्य होते. पण जिंकलो तर घानाच्या तेमा बंदरात आपण दोघं कंपनी काढू, असा क्वाबेनाचा शब्द होता.

"अगं, खासदार आहे तो आता. खासदाराचा भागीदार परवान्यांच्या रांगेत उभा राहतो का?… तुझ्या रांगेबद्दल नाही म्हणत मी… काय? हो, मतदान कालच झालं. मोजणीही लगेच. तिथे पेट्या कुठे नेतच नाहीत, जिथे मतदान तिथेच मोजतात… शाळेत… कुठल्या म्हणजे? थांब, वर लिहिलंय."

त्याने फोटो मोठा केला. गावोगावच्या पेट्या एका गोदामात आणायच्या, एकत्र मोजायच्या आणि मग गुलाल उधळायचा, अशा देशात तो वाढला होता. सहीशिक्क्याचा निकाल एवढ्याशा जागेचा असू शकतो, हे त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं. कागदावर क्वाबेनाच्या घरासमोरच्या शाळेचं नाव होतं.

"हो… एकच शाळा… बाकीच्या शाळांचं नाही आलं काही. विचारलंय त्याला… हां, आलं उत्तर."

त्याने ते दोनदा वाचलं.

"मतदारसंघात तिसरा… पण शुभदा, टेबल त्या एकाच शाळेबाहेर लावलं होतं. जिथे टेबल लावलं तिथे आपण जिंकलो, हे तर मान्य करशील?… हॅलो?… हॅलो?"

फोन बंद झाला होता. स्क्रीनवर हार्बरफ्रंटहून आलेला मेल होता. राजीनामा मंजूर झाला होता.