मास्तरांचं पांढरं बटण

...नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या दुकानात पंखा कुणाकडे वळवायचा हे ठरवायला मला डब्यात बटण टाकावं लागतं! हो, बटण! शर्टाचं! दुकान कुणाचं? माझं. पंखा कुणाचा? माझा. आणि वारा कुणाला? काज-बटण करणाऱ्या मावशींना! तुम्हाला सांगतो, प्रगती झाली आणि माझी पंचाईत झाली!

पूर्वी असं नव्हतं हो. पायाने चालवायच्या दोन मशिनी, एकीवर मी, दुसरीवर आमची ही, कोपऱ्यात मावशी. शाळेचे गणवेश शिवायचो, आणि मी म्हणेन ती पूर्व दिशा. मावशी मान वर करायच्या नाहीत. कशाला करतील? दुसरीकडे काम होतं कुठे? मग शाळा वाढल्या, ऑर्डरी वाढल्या, विजेवरच्या मशिनी आल्या, पाच कारागीर आले, गल्लीत आणखी चार दुकानं निघाली... आणि मावशींना कंठ फुटला! "मास्तर, जेवायला अर्धा तास सुट्टी पाहिजे." म्हटलं, का बुवा? "समोरच्या दुकानात देतात." झालं!

आता इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, सुट्टीवर मतदान घेऊ. माझ्या तोंडावर कोण नाही म्हणणार? वर मनाचा मोठेपणाही दिसेल! प्रत्येकाला दोन बटणं. पांढरं म्हणजे मास्तरांचं म्हणणं मान्य, काळं म्हणजे अमान्य. डब्यावर माझा रुमाल, रुमालाखालून हवं ते टाकायचं. माणसं आम्ही आठ. डबा उपडा केला... एक पांढरं, सात काळी! पांढरं माझं! मी आमच्या हिच्याकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती. अगदी मन लावून!

तरी चाललं होतं. तेवढ्यात माझा मेव्हणा आला, हजार गणवेशांची ऑर्डर घेऊन. वेळेत झाली तर शाळा कायमची आपली, नाहीतर पाचही कारागिरांना घरी बसवायची पाळी. मेव्हणा मोठ्या कारखान्यात साहेब आहे, त्यामुळे तो बसूनसुद्धा उभ्याने बोलल्यासारखा बोलतो. "भावोजी, ही मतंबितं बंद करा! ज्या देशांनी प्रगती केली ना, त्यांनी आधी कारखाने काढले, मग मतपेट्या आणल्या. आधी पोट, मग तोंड!" मी विचारलं, कुठल्या देशांनी? "आहेत!" म्हणाला. मावशींनी काजावरून नजर न काढता विचारलं, "अहो साहेब, आधी तोंड बंद केलं तर पोटात जायचं कुठून?" अख्खं दुकान हसलं! मीही हसलो, मग खोकलो.

पण ऑर्डरची धास्ती होतीच की मला! शेवटी मी जाहीर केलं, ऑर्डर होईपर्यंत सगळं मास्तर एकटे ठरवणार. मावशी म्हणाल्या, "चालेल. डबा आणा." म्हणजे बघा, मतदान बंद करायचं की नाही यावर मतदान! प्रगती झाली आणि माझी पंचाईत झाली!

मुठीत पांढरं बटण घेऊन डब्यापाशी गेलो आणि... आणि मला त्या बाह्या आठवल्या. तेव्हा आम्ही तिघंच होतो. दोनशे शर्टांचं कापड, त्याला सुलटी-उलटी बाजू. मी घाईघाईत सगळं सुलटं अंथरलं, कागदी नमुना एकदाही पालटला नाही, आणि कापल्या चारशे बाह्या. चारशेच्या चारशे डाव्या! मावशींनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. मी ओरडलो, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "तुम्ही कुठे विचारलंत?" शाळा गेली. एक मशीन विकावी लागली, आमच्या हिची. ती काही बोलली नाही, आणि तेच मला आजवर बोचतं.

तर... टाकलं बटण. मेव्हण्याने डबा उपडा केला आणि मोजायला लागला. काळं, काळं, काळं... आठच्या आठ काळी! "भावोजी, निदान तुमचं तरी..." मी समोरची सुई उचलली आणि दोरा ओवायला घेतला. अगदी मन लावून! आमची ही माझ्याकडे बघून जे हसली ना... लग्नातसुद्धा एवढी हसली नव्हती!

ऑर्डर? झाली की! दुसऱ्याच दिवशी मावशी ओरडल्या, "मास्तर, नमुना पालटा!" पालटला. डावी ती डावी, उजवी ती उजवी. एक दिवस उशीर झाला, शाळेने कुरकुर केली, पण पुढच्या वर्षाचंही कापड देऊन गेली. म्हटलं, आता सगळे खूश आहेत, हळूच पंख्याचा विषय काढावा. पुन्हा डबा! पुन्हा एक पांढरं, सात काळी!

आता बसलोय घामाघूम. पुसायला डब्यावरचा रुमाल आहे म्हणा... पण त्यालाही मतदानाशिवाय हात लावायचा नाही, असं परवाच ठरलंय. बहुमताने!