चाळीस पावलं वर

मंडळी, पाटील, सटवाजीच्या घरच्या साळूवैनी, आन् वाड्यावाड्यांवरून चालत आलेल्या धनगर भावकीला माझा रामराम. सटवाजीच्या दहाव्याला आज मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा न्हाई. तो जिता असता तर म्हणला असता, "बळ्या, एवढी माणसं कशाला बे? कुणाची मेंढरं चुकली का?"

मला बोलायला उभं केलंय, पर जीभ उचलत न्हाई. रडू येतंय म्हणून न्हाई. राग येतोय. तुमचा येतोय, माझा येतोय, आन् खोटं कशाला बोलू, त्या गेलेल्याचा बी येतोय.

मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची रीत हाय. सकाळपासून तेच ऐकतोय. सटवाजी देवमाणूस. सटवाजी लई जाणता. जाणता व्हता ना? मंग त्याचं ऐकलं कावून न्हाई? बैल गेला आन् झोपा केला, अशी आपली गत हाय. आता हार आणलाय कुणीतरी. जित्तेपणी त्याला एक शब्द बोलू दिला न्हाई आपण.

बाहेरगावच्या पाव्हण्यांना ठावं नसल, म्हणून सांगतो. गावाच्या वर आपला माळ हाय. बापजाद्यापासून गवताचा. पवन्या, मारवेल, कुसळी. सटवाजीची मेंढरं तिथंच वाढली, आपली गुरं बी तिथंच चरली. पाच सालामागं आपल्या डोक्यात शिरलं, की माळ मोडायचा आन् बाजरी, कापूस घ्यायचा. तहसीलला अर्ज केला. पयला अंगठा माझा. मंग माती किती खोल हाय ते बघायला साहेब आला. पहार माझ्या हातात व्हती.

आता ऐका. ही गोष्ट मी आजवर बायकोला बी सांगितली न्हाई.

माळाच्या पायथ्याला बाभळीखाली खोलगट जागा हाय. वरची माती पावसानं वाहून वाहून तिथं साचलेली. मी साहेबाला नीट तिथंच नेलं. पहार मारली. हातभर आत गेली! साहेब खूश. आपण त्याहून खूश. तवा सटवाजी पुढं आला. घोंगडं खांद्यावर, हात जोडलेले. म्हणला, "हुजूर, ही माळाची माती न्हाई. ही माळावरून धुऊन आलेली हाय. चाळीस पावलं वर चला, तिथं पहार मारा."

चाळीस पावलं! जास्त मागत न्हवता.

आपण काय केलं? हुर्यो केली. शिट्ट्या मारल्या. एक जण वरडला, "धनगराला शेरडाचं कळतं, जमिनीचं काय कळतं?" आठवतंय का कोण वरडला? मान खाली घालू नका. मीच वरडलो. तो आपला हात जोडून म्हणतोय, "दोन घटका गप बसा, मला बोलू द्या." कुणी गप बसलं न्हाई. साहेबाला ऊन लागत व्हतं, चढ चढायचा कंटाळा आलता. त्यानं कागदावर लिहिलं आन् घोड्यावर बसून गेला. अर्धा माळ मंजूर झाला.

मी आठ बैलांचा नांगर घेऊन गेलतो त्या दिवशी हा बैलांपुढं उभा. खाली वाकला, पवन्याचा एक गड्डा उपटला, माझ्या हातात दिला. म्हणला, "मूठ दाब." मी दाबली. माती कण्यांसारखी मोकळी, मुळांत गुतलेली. म्हणला, "ही माती गवतानं धरलीय, बळ्या. गवत मेलं की मंग ती वाऱ्याची आन् पाण्याची. खाली वीतभरावर चुनखडी हाय, त्याच्याखाली मुरूम. नांगराला काळी रानं हायेत की गावाखाली. माळाला कावून हात लावतो बे?"

मी म्हणलो, "बाजूला हो, बैलं बुजत्यात."

आन् तो झाला बाजूला! ह्याचाच मला राग येतोय. सटवा, लेका, तुला एवढं कळत व्हतं तर आडवा कावून पडला न्हाईस? माझ्या थोबाडीत कावून मारली न्हाईस? आपण बारकेपणी एका ताटात भाकर खाल्ली. तुझा हक्क व्हता.

पयल्या साली बाजरी आली. डोक्याएवढी आली. मी मुद्दाम एक कणीस त्याच्या दारात नेऊन टाकलं. चिडवायला. त्यानं ते उचललं, फुंकलं, म्हणला, "ही गवताच्या जुन्या मुळांवर आलीय. ती कुजली, हिनं खाल्ली. आता फुडल्या साली काय खाईल?" मला वाटलं, जळतोय.

दुसऱ्या साली बाजरी कमरेएवढी. तिसऱ्या साली गुडघ्याएवढी. आपण बियाण्याला नावं ठेवली, नक्षत्राला ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं. उन्हाळ्यात वारं सुटलं की माळाची माती आपल्या भाकरीत यायची. आठवतंय का बायांनो? पाऊस पडला की वर पापडी धरायची, पाणी आत मुरायचंच न्हाई, सगळं वढ्याला. आता तिथं पांढरे खडे उघडे पडलेत. पेरून येत न्हाई. टाकून दिलं तर गवत बी येत न्हाई. बाजरी बी गेली आन् कुरण बी गेलं.

आन् मेंढरं? उरलेल्या अर्ध्या माळावर गावाची सगळी जनावरं कोंबली. चैतातच काडी उरली न्हाई. म्हणून साठी उलटलेला माणूस कळप घेऊन गंगथडीला, नदीकाठच्या चाऱ्याला निघाला. मी वाटंत भेटलतो. म्हणलो, "ह्या वयात कुठं चाललास?" त्यानं माळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मेंढरं हाकली आन् गेला. चकलांब्याच्या अलीकडं ऊन लागून पडला. बैलगाडीत घालून आणला. तिसऱ्या दिवशी गेला.

तुमी म्हणता ऊन लागलं. मी म्हणतो, मी पहार चुकीच्या जागी मारली.

पाटील, थांबा. तुमी मघाच कुजबुजलात, दुखवट्यात जमिनीचं कावून काढतो. मंग कवा काढू? परवा पाटोद्याचा बाजार झाला की साहेब पुन्हा येतोय. उरलेल्या अर्ध्या माळाचा अर्ज गेलाय. अंगठे दिलेत आपण. त्यात बी पयला माझाच हाय. पयला अर्धा माळ मातीत गेला, तरी दुसऱ्याला अंगठा दिला मी! म्हणलं, भावांच्या वाटणीला पुरंल. पालथ्या घड्यावर पाणी म्हणत्यात ते हेच.

आता शेवटचं सांगतो. सटवाजीनं साळूवैनीला सांगून ठेवलतं, की मला माळात ठेवा, गवतात. भावकीत मातीच देत्यात. खड्डा खणायला आमी तिघं गेलतो. वर वीतभर तपकिरी माती, केसासारख्या मुळांनी भरलेली, आतून गार. मंग पांढरी चुनखडी. मंग मुरूम, कुदळीतून ठिणगी निघायची. त्यानं सांगितलं तसंच, बोटाचा फरक न्हाई. पाच सालं माणूस सांगत व्हता. बघितलं कवा, तर त्याचाच खड्डा खणताना.

मातीचे हात घेऊन मी तसाच बांधाच्या पलीकडं गेलो. माझ्या नांगरलेल्या रानात. तीच कुदळ मारली. दोन बोटं माती. खाली पांढरं. मी तिथंच बसलो. माझ्या लेकराच्या वाट्याची वीतभर माती मी पाच सालात उडवली, मंडळी.

मी माझा अंगठा मागं घेतो. त्यानं अर्ज थांबत न्हाई, मला ठावं हाय. तुमच्या अंगठ्याचं तुमी बघा. पर बाभळीपासून चाळीस पावलं वर मी एक खड्डा खणून ठेवलाय. झाकलेला न्हाई. घरी जाताना प्रत्येकानं आत हात घालून बघा. हात पोचल तेवढीच माती हाय आपल्या माळाला. आन् साहेब आला की पहार माझ्याच हातात असल. ह्या बारीला मी त्याला चढावर नेणार. ऊन असो, घोडा अडो, त्याचा हात धरून नेणार.

साळूवैनी, तुमच्या पुढं उभं राहायचं तोंड न्हाई मला. माफी मागत न्हाई. माफी द्यायला जो पाहिजे तो वर गवतात निजलाय.

सटवा, माझा रामराम घे.

मंडळी, उठा. दोन घटका मागितल्या व्हत्या त्यानं, पाच सालामागं. तवा आपण दिल्या न्हाईत. आता द्या. कुणी बोलू नका.