ओळखपत्रावरचा माथा

लेकराचे उणे जगापासून झाकावेसे वाटणे हा पित्याचा दोष नव्हे. परंतु लेकरू मोठे झाले, की काय झाकायचे हे त्यालाच ठरवू द्यावे लागते. फोटो स्टुडिओच्या बाकावर पाळीची वाट पाहणाऱ्या वृद्ध गुरुजींच्या कानी शेजारच्या बापलेकीचे बोलणे पडले.

“चिमणे, हा केसांचा टोप घाल ना. सकाळपासून विंचरतोय मी.”

“बाबा, माझ्यापेक्षा त्याचेच लाड जास्त!”

“अगं, आयकार्डाचा फोटो. रोज गळ्यात असणार.”

“म्हणूनच नको. नर्स म्हणून जातेय कुठं? लहानपणी जिथं माझ्यावर उपचार झाले, त्याच कॅन्सरच्या वॉर्डात.”

“तिथल्या पोरांनी विचारलं, ताईचे केस इतके विरळ का, तर?”

“सांगेन, तुमच्यासारख्याच औषधांनी गेले. परत आले ते एवढेच. मी मात्र अख्खी आले!”

“...मग या टोपाचं काय करू?”

“तुमच्या टकलावर ठेवा.”

“हं, ठेवला. कसा दिसतोय?”

“अगंबाई! बाबा, काढा, काढा!”

“ताई, इकडे बघा. आयकार्डाला हसरा चेहरा चालत नाही.”

“मग आज जमायचं नाही, फोटोग्राफरदादा!”

गुरुजींनी आपली पाळी खुशाल मागे जाऊ दिली आणि मनोमन म्हटले, “आयुष्मती भव, बाळ. तुझे नि तुझ्या पित्याचे हे हसू अक्षय राहो.”